पेट्रोल कोणाच्या खात्यावर?

मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता बर्फ हटल्यावर खुला होतो. ज्या दिवसांत साधु-साध्वींचा विहार थांबतो आणि घरातील वडीलधारी माणसेही प्रवासाला आवर घालतात, त्याच दिवसांत तरुणांच्या मोटारसायकली उत्तरेच्या दिशेने निघतात. कित्येक व्यापारी घरांत हा विरोध आता दरवर्षीचा झाला आहे. पेढीवर बसणारा, मालाची चोख नोंद ठेवणारा पंचविशीतला मुलगा रात्री सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून सगळे निवांत बसले की हळूच विषय काढतो. आठ-दहा मित्र सोबत आहेत, गाड्यांची तयारी झाली आहे आणि या वेळी ही नुसती सहल नाही; एका रुग्णालयासाठी निधी जमवायचा आहे. जाकिटावर संस्थेचे नाव छापले जाणार आहे. काका पाच हजार लिहितात, आत्या दोन हजार लिहिते. मग वही आजोबांपुढे येते. आजोबा चष्मा पुसतात आणि एवढेच विचारतात, "पेट्रोल कोणाच्या खात्यावर टाकलंस?"

प्रश्न कुणाला कुचकट वाटेल. वस्तुतः या सगळ्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

दुचाकीवरून निधी जमवण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत चांगली रुळलेली आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरी १९८४ मध्ये मोटारसायकलस्वारांनी मेंदूच्या गाठीने ग्रासलेल्या मुलांसाठी 'राइड फॉर किड्स' सुरू केली. ऑस्ट्रेलियातील सिडनीत २०१२ मध्ये 'द डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड' या उपक्रमाचा प्रारंभ झाला. ठरलेल्या रविवारी जगातील शेकडो शहरांत लोक सूट-टाय घालून, जुन्या घडणीच्या मोटारसायकलींवर बसून आपापल्या गावात फेरी काढतात. पुरुषांचे मानसिक आरोग्य आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील संशोधन यांसाठी तो निधी असतो. फेरी दोन-तीन तासांची, गावातल्या गावात. त्यामुळे खर्च नगण्य आणि पैसा आधीच आप्तेष्टांकडून जमलेला. हिशेब सरळ आहे.

हिशेब वाकडा होतो तो अंतर वाढल्यावर. ब्रिटनसारख्या देशांत दूरदेशीच्या साहसी सफरींची एक पद्धत आहे. सहभागी होणाऱ्याने ठरावीक रक्कम देणग्यांतून जमवायची. त्या रकमेतून त्याचा विमानखर्च, निवास, वाटाडे, भाड्याची गाडी हे सगळे भागवायचे आणि उरेल ते सेवाकार्याला द्यायचे. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु शेजारच्या काकूंनी आजारी मुलांसाठी म्हणून दिलेल्या पैशातून कुणाच्या तरी हॉटेलचे बिल भरले गेले, हे काकूंना बहुधा ठाऊक नसते. प्रवास स्वतःच्या खिशातून आणि देणगी पूर्णपणे देणगीच्या खात्यात, एवढा एक नियम पाळला तर या उपक्रमांना कुणी नाव ठेवू शकणार नाही. नियम नवा नाही. तीर्थयात्रेचा संघ काढणाऱ्या घरांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. लांब पल्ल्याच्या स्वारांची 'आयर्न बट असोसिएशन' नावाची अमेरिकन संघटना आहे. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर अंतर कापणाऱ्यास ती प्रमाणपत्र देते. पुरावा काय मागते? पेट्रोलपंपाच्या पावत्या. तारीख, वेळ, ठिकाण आणि मीटरचा आकडा. पावतीवाचून पराक्रम मान्य नाही! कोणत्याही मुनीमजींना ही संघटना आवडावी.

असो. लांबचा प्रवास माणसाला काय शिकवतो, याचे उत्तर ज्यांनी तो केला त्यांनीच द्यावे. १९७३ च्या ऑक्टोबरात टेड सायमन नावाचा पत्रकार लंडनहून ट्रायम्फ मोटारसायकलवर निघाला आणि आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आशिया करीत, भारतातूनही फिरून, चार वर्षांनी घरी पोचला. प्रवास सुमारे एक लाख किलोमीटरचा झाला. त्याच्या 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकाने पुढे कित्येकांना घराबाहेर काढले. असा प्रवासी माणसे ओळखायला शिकतो, हे तर खरेच. पण त्याआधी तो गाडीचा आवाज ओळखायला शिकतो. साखळी सैल झाली आहे, हवेची गाळणी धुळीने बुजली आहे, तेल काळे पडले आहे, हे त्याला कळते. तेवढ्या जाणतेपणावर पुढे एक मोठे सेवाकार्य उभे राहिले. ज्या पेट्रोलवर आजोबांनी बोट ठेवले, तेच त्या कार्यात दानाचा मुख्य विषय ठरले.

त्या कार्याची सुरुवात शर्यतीच्या मैदानातली आहे. रँडी मामोला हा अमेरिकन स्वार ५०० सीसीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेत चार वेळा दुसरा आला आणि एकदाही पहिला आला नाही. ब्रिटनच्या अँड्रिया कोलमन स्वतः शर्यतीत उतरलेल्या. त्यांचे पहिले पती टॉम हेरन हे नावाजलेले स्वार १९७९ मध्ये शर्यतीत अपघात होऊन गेले. बॅरी कोलमन हे पत्रकार. शर्यतीच्या जगात पैसा आणि प्रसिद्धी मुबलक होती. त्यातील काही भाग आफ्रिकेतील मुलांसाठी वळवावा, या विचाराने १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेसाठी निधी जमवण्यास प्रारंभ केला.

१९८८ मध्ये मामोला आणि बॅरी कोलमन या दोघांना सोमालियात बोलावण्यात आले. दिलेला पैसा कसा वापरला जातो ते पाहावे, असा त्यामागील हेतू. कामे पाहिली, माणसे भेटली. त्याच दौऱ्यात त्यांच्या नजरेस दोन दृश्ये पडली. अडलेल्या बाळंतिणीला ढकलगाडीत घालून रुग्णालयाकडे नेले जात होते. आणि दुसरीकडे, आरोग्यसेवेसाठी आलेल्या मोटारसायकली बंद पडून उभ्या होत्या.

त्या ओळीवरून अनेक पाहुणे याआधी गेले असतील. आफ्रिकेत गाड्या टिकत नाहीत, रस्ते वाईट, माणसे निष्काळजी, असे म्हणून ते पुढे गेले असतील. हे दोघे मोटारसायकलवाले होते. त्यांनी गाड्यांकडे पाहिले आणि त्यांच्या ध्यानात आले की यांतील कित्येक गाड्या मोडलेल्या नाहीतच. किरकोळ सुटा भाग, वेळेवर बदललेले तेल, घट्ट केलेला एखादा नट, एवढ्यावाचून त्या अडल्या होत्या. गाडी जुनी होऊन बंद पडली नव्हती. तिची निगा राखण्याचे काम कुणाचेच नव्हते म्हणून बंद पडली होती.

व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील फरक तो कोवळ्या वयात दुकानातच शिकतो. टेम्पो घेतला म्हणजे त्याचा घसारा, टायर, विमा, चालकाचा पगार हे सगळे त्याच दिवशी डोक्यात मांडले जाते. मात्र हाच व्यापारी विश्वस्त म्हणून बसला की त्याचे गणित पुष्कळदा बदलते. धर्मशाळेच्या नव्या मजल्याला देणगीदार पटकन मिळतो, कारण तेथे संगमरवरावर नाव कोरता येते. पाण्याच्या टाकीच्या गळक्या तोटीला देणगीदार मिळत नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचेही तेच होत होते. गाडी देताना छायाचित्र निघे, अहवालात आकडा चढे. तेलासाठी मात्र अंदाजपत्रकात रकानाच नसे.

तेव्हा कोलमन दांपत्याने आणि मामोलाने 'रायडर्स फॉर हेल्थ' या नावाने काम आरंभले. प्रारंभी ते 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या छत्राखाली चालले आणि १९९६ मध्ये स्वतंत्र धर्मादाय संस्था म्हणून नोंदले गेले. नव्या गाड्या वाटत सुटण्यापेक्षा गाड्या चालू ठेवण्यावर तिचा भर होता. पहिले मोठे प्रयोग गांबिया आणि लेसोथो या लहान देशांत झाले, पुढे झिम्बाब्वेसह इतरत्र.

लेसोथो हा सबंध देश डोंगरावर वसलेला. त्याचा सर्वांत सखल भागही समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. वाडी-वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा घोड्यांच्या. अशा ठिकाणी आरोग्यसेवक पायी निघाला तर दिवसाकाठी एखादी वस्ती होते. मोटारसायकलवर तोच अनेक वस्त्या गाठतो. परंतु डोंगरात गाडी बंद पडली तर तो पायी चालणाऱ्याहूनही अडचणीत सापडतो, कारण आता त्याच्याजवळ टाकूनही देता येत नाही असे दीडशे किलोचे ओझे असते. म्हणून गाडी बंद पडताच कामा नये, हे ध्येय ठेवण्यात आले. बिघाड झाल्यावर दुरुस्ती ही कल्पनाच बाजूला सारली गेली. सुटा भाग मोडण्याची वाट न पाहता ठरावीक किलोमीटर झाले की बदलायचा, मग तो डोळ्यांना कितीही धडधाकट दिसो. हे उधळपट्टीचे वाटते. एका बंद दिवसाची किंमत त्या भागाच्या किमतीशी ताडून पाहिली की काटकसर कशात आहे ते उमगते.

या व्यवस्थेचा पहिला कारागीर स्वतः आरोग्यसेवक असतो. त्याला किंवा तिला गाडी चालवण्याचे पद्धतशीर शिक्षण मिळते. वाळूत, चिखलात, उतारावर तोल कसा सांभाळावा ते शिकवले जाते. शिरस्त्राण आणि हातमोजे दिले जातात. रोज सकाळी निघण्यापूर्वी पेट्रोल, तेल, साखळीचा ताण, नट-बोल्ट, ब्रेक आणि टायर यांची तपासणी करायची. मीटरचा आकडा लिहायचा. शिकलेला कारागीर ठरल्या वेळी सेवकाच्या मुक्कामाकडे येतो. सेवकाला काम टाकून शहरातील कार्यशाळेत खेटे घालावे लागत नाहीत. हरारे येथे या सगळ्याच्या शिक्षणाची शाळाच उघडली गेली. ज्या समाजांत मोटारसायकल ही पुरुषांचीच समजली जात होती तेथे परिचारिका शिरस्त्राण घालून, मागे लसींची पेटी बांधून निघू लागल्या, हा या कामाचा एक आनुषंगिक लाभ; पण तो लहान नव्हे.

आता पैशाकडे वळावे, कारण या संस्थेचे खरे वैशिष्ट्य तिच्या खतावणीत आहे. गाडीचा प्रत्येक खर्च, म्हणजे पेट्रोल, तेल, टायर, सुटे भाग, कारागिराचा पगार आणि पुढील गाडी घेण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम, हे सगळे एकत्र करून त्याचा दर किलोमीटर भाव काढला गेला. सरकारच्या आरोग्य खात्याने जितके किलोमीटर धावणे झाले तितक्यांचे पैसे द्यायचे. भावात घसारा धरलेला असल्यामुळे गाडी थकेपर्यंत तिच्या जागी येणाऱ्या गाडीची तजवीज झालेली असते. भीक मागायला पुन्हा परदेशी जावे लागत नाही.

गांबियात याच्याही पुढचे पाऊल पडले. हा देश म्हणजे एका नदीच्या दोन काठांवरची अरुंद पट्टी; मध्ये नदी आडवी. तेथील आरोग्य खात्याला लागणारा वाहनांचा ताफा २००९ च्या सुमारास संस्थेने बँकेचे कर्ज काढून उभा केला आणि सरकारला भाड्याने दिला. कर्जाला अमेरिकेतील स्कोल फाउंडेशन जामीन राहिले. येथे थोडे थांबून विचार करावा. दात्याने रोख रक्कम देऊन टाकली असती तर ती एकदाच वापरली गेली असती. त्याने आपली पत दिली. भाडे नियमित येत राहिले तर जामिनाला गाठोडे सोडावेही लागत नाही. शब्दाखातर मित्राच्या हुंडीवर सही करणाऱ्या जुन्या पेढ्यांना दानाचा हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना या संस्थेचे उदाहरण अभ्यासाला आहे.

पुढे कामाची आणखी एक शाखा निघाली. दुर्गम दवाखान्यात क्षयाच्या संशयिताची थुंकी किंवा नवजात बाळाच्या रक्ताचा थेंब घेतला जातो. तपासणी मात्र दूरच्या शहरात होते. नमुना पडून राहतो, निकाल यायला आठवडे लागतात, आणि रुग्ण तोवर परत येईनासा होतो. लेसोथोत मोटारसायकलवरील निरोप्यांनी हे नमुने नेण्या-आणण्याचे काम अंगावर घेतले. इबोलाच्या साथीनंतर लायबेरियातही अशी वाहतूक उभी राहिली. या कामात शौर्य काही नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दाराशी गाडी थांबणे एवढेच आहे.

आणि हौशी स्वार? त्यांच्यावाचून यातले काहीच झाले नसते. इंग्लंडमध्ये जागतिक शर्यतीच्या आधी 'डे ऑफ चॅम्पियन्स' नावाचा दिवस साजरा होतो. अनेक वर्षे तो सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर होत आला आहे. चाहते आपापल्या मोटारसायकलींवर तेथे येतात आणि नामवंत स्वार आपले हातमोजे, शिरस्त्राण, बूट लिलावात मांडतात. मंदिरातील बोली ज्यांनी ऐकली आहे त्यांना तेथील वातावरण सांगण्याची गरज नाही. चढाओढ तीच, कौतुक तेच, आणि आकडा चढत जाईल तशी सभेत उमटणारी ती कुजबुजही तीच. २००७ मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून दक्षिण आफ्रिकेच्या केप टाउनपर्यंत मोटारसायकलवर गेले, तेव्हा त्या प्रवासाने ज्या सेवासंस्थांना हात दिला त्यांत रायडर्स फॉर हेल्थ होती. कालांतराने आफ्रिकेतील कामे त्या त्या देशातील माणसांच्या हाती स्वतंत्रपणे गेली आणि ब्रिटनमधील निधीसंकलन 'टू व्हील्स फॉर लाइफ' या नावाने चालू राहिले.

हे सगळे परदेशातले झाले. याच प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देशात, पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात आहे. करीमुल हक हे तेथील चहाच्या मळ्यातले कामगार. १९९५ मध्ये आई अत्यवस्थ झाली. तिला रुग्णालयात न्यायला रात्री वाहन मिळाले नाही आणि ती गेली. काही काळाने मळ्यात एक सहकारी कोसळला. त्याला करीमुल यांनी मोटारसायकलवर पाठीशी बांधून रुग्णालयात पोचवले आणि तो वाचला. तेव्हापासून आसपासच्या गावांतील रुग्णांना ते आपल्या गाडीवरून विनामूल्य नेऊ लागले. लोक त्यांना 'बाइक अँब्युलन्स दादा' म्हणतात. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या बजाज ऑटोने रुग्णाला निजवून नेता येईल अशी खास मोटारसायकल त्यांना दिली. मळ्यातली मजुरी ती किती असणार! तिचा मोठा वाटा पेट्रोल आणि औषधे यांतच जात आला. गाडीला दाता मिळाला, सन्मान मिळाला. टाकी मात्र ते वर्षानुवर्षे आपल्या मजुरीतून भरत आले.

जेवणानंतरच्या त्या बैठकीत नातू शेवटी उत्तर देतो. पेट्रोल ज्याचे त्याने घालायचे आहे, राहण्याचा खर्च प्रत्येकाचा स्वतःचा आहे, जमलेली रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाणार आहे. पावत्याही ठेवल्या जातील. आजोबा मान हलवतात. वहीत आकडा लिहिण्यापूर्वी ते आणखी एक गोष्ट विचारतात. दोन वर्षांमागे याच रुग्णालयाला समाजाने रुग्णवाहिका दिली होती, फेटे बांधून, नारळ फोडून. ती सध्या किती किलोमीटर धावली आहे आणि तिचे टायर शेवटचे कधी बदलले? मुलाला ते ठाऊक नसते. काकांनाही नसते. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांचा क्रमांक कुणाकडे आहे, याचा शोध सुरू होतो.